किल्ल्याचं त्रुटीपत्र

आता जे सांगणार आहे ते तुमच्यापैकी एकालाही पटणार नाही, हे आधीच लिहून घ्या. याच सोसायटीत, याच पेव्हर ब्लॉकवर, एका दहा वर्षांच्या मुलीच्या मातीच्या किल्ल्याला सरकारी त्रुटीपत्र आलं. जावक क्रमांकासकट, गोल शिक्क्यासकट. पाच त्रुटी आणि खाली वळणदार सही. खांदा कॉलनीत विनापरवाना सहा-सहा मजले चढतात आणि कोणाला एक ओळीचं पत्र येत नाही, पण किल्ल्याला आलं.

मितालीने आत्ताच नाक उडवलं, ते दिसलं. ती जूनमध्ये राहायला आलीय, तिला माफ आहे. पण साक्षीदार इथेच बसलाय. ती पलीकडे गोणपाट भिजवतेय ना, ती आभा. किल्ला तिचाच. सांगताना कुठे दोन-चार फूट इकडेतिकडे झाले तर ती बोलेल. बोलू दे. गोष्टीला थोडी टोचणी हवीच.

गोष्ट कृष्णकांत नावाच्या एका गृहस्थाची आहे. तो कोण आणि कुठल्या मजल्यावर राहतो, हे विचारायचं नाही. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला, सरळ, सज्जन आणि सतत संतापलेला माणूस, एवढं पुरे. सोसायटी त्याला अप्पा म्हणते. त्याची बायको शकू त्याला काही म्हणत नाही, नुसती बघते. आभा त्याची नात.

कृष्णकांतला बऱ्याच गोष्टींचा राग यायचा. वरून लिफ्ट बोलावून मग जिन्याने जाणाऱ्यांचा यायचा, ‘गुड मॉर्निंग’चे फुलंवाले फोटो पाठवणाऱ्यांचा यायचा. पण हे किरकोळ. त्याचा ठोक राग एकाच माणसावर होता, आणि तो म्हणजे किल्ले स्पर्धेचा परीक्षक.

दिवाळीतली किल्ले स्पर्धा लहान मुलांची असते असं ज्याला वाटतं, त्याने वसुबारसेच्या दिवशी कुठल्याही सोसायटीत एक चक्कर मारावी. बाप ऑफिसातून रजा काढून उकिडवे बसलेले असतात. एकाने इंटरनेटवरून तोरण्याचा नकाशा काढलेला असतो, दुसरा बुरुजाला ओळंबा लावत असतो, तिसऱ्याने हायवेवरून तयार किल्लाच उचलून आणलेला असतो आणि त्यावर माती शिंपडून तो ‘घरगुती’ करत असतो. ज्याचा किल्ला तो मुलगा बाजूला पाण्याची बाटली धरून उभा. त्याने मध्ये बोट घातलं तर बाप खेकसतो, "अरे हात नको लावूस, बिघडेल." मुलाचं काम शेवटी अळीव पेरायचं आणि फोटोत हसायचं. मग बक्षीस मिळतं आणि आई लिहिते, आमच्या पिल्लूची कल्पकता. कसली कल्पकता? पिल्लूला त्या किल्ल्याचं नावसुद्धा धड सांगता येत नाही.

दोन दिवाळ्यांपूर्वी आभाने एकटीने किल्ला केला. जिन्याखाली, पंपाच्या खोलीच्या बाजूला. चार फुटक्या विटा, एक गोणपाट, आणि शकूच्या मेलेल्या जास्वंदीच्या कुंडीतली माती. हा किल्ला तुम्ही पाहायला हवा होता. महाराज वर नव्हते, खाली दरवाजापाशी बसलेले होते. का, तर म्हणे लांबून आलेल्या आज्ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांना वर चढायला लावणं बरं नाही, म्हणून महाराज स्वतःच खाली येऊन बसतात. शत्रूचे सैनिक बाहेर ओळीने उभे होते, कारण त्यांना आधी पाणी द्यायचं होतं आणि लढाई नंतर. गाढवांसाठी वेगळा दरवाजा. आणि गडाच्या सगळ्यात उंच टोकाला एक दोरी, तिच्यावर मावळ्यांचे कपडे वाळत घातलेले, कारण वारा तिथेच असतो.

आता सांगा, आजवर किती किल्ल्यांवर धुतलेले कपडे पाहिलेत? हजारो माणसं गडावर वर्षानुवर्षं राहिली, त्यांनी काय एकदाही सदरा पिळला नसेल? हा प्रश्न एकाही बापाला पडला नाही. नऊ वर्षांच्या पोरीला पडला.

मग आला परीक्षक. पुण्याहून आणलेला. जॅकेट, गळ्यात चष्मा, हातात क्लिपचा पुठ्ठा. किल्ल्यांसमोरून असा चालला जसा प्रत्येक दगड याच्या बापाने उतरवून ठेवलाय. आणि बक्षीस समारंभात, साठ कुटुंबांसमोर, माईकवर त्याने शेरा वाचला. तोंडपाठ आहे कृष्णकांतला. "क्रमांक सात. सदर किल्ल्याचा कोणत्याही ज्ञात किल्ल्याशी संबंध आढळत नाही. महाराजांचे स्थान चुकीचे. कपडे वाळत घालणे गडाच्या प्रतिष्ठेस शोभत नाही. मेहनत बरी. दहापैकी तीन."

‘मेहनत बरी’ म्हणताना तो हसला. तो हसला म्हणून लोक हसले. लोकांचं काय, माईक हसला की लोक हसतात.

असल्या माणसांचा राग येतो तो मूर्खपणासाठी नाही, धूर्तपणासाठी. या माणसाला किल्ला आवडला नव्हता असं नाही. दोरीवरचे कपडे पाहून तो आधी मनात हसला होता, चांगल्या अर्थाने. पण लगेच त्याच्या डोक्यात किडा आला, की आपण निःपक्षपाती दिसलो पाहिजे. या पोरीला सात दिले तर लोक काय म्हणतील? पाच दिले तरी कुजबुजतील. मग द्या तीन, आणि वर दोन टोमणे, म्हणजे कोणाची बोलायची टाप नाही. परक्याच्या पोराला दोन मार्क जास्त पडले तर तो मनाचा मोठेपणा, आणि ओळखीतल्या पोराला पडले तर वशिला. म्हणून आपल्याकडे जो तो आपल्याच माणसाच्या पोटावर पाय देऊन स्वतःचा न्यायीपणा दाखवतो.

"पण तो पुण्याचा होता ना?" मिताली विचारतेय. "मग त्याची ओळख कशी?"

सेक्रेटरीने करून दिली होती. मध्ये बोलू नये.

तर त्या दिवशी आभा रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, शकूने पदराने पुसलं असतं आणि विषय संपला असता. ती खाली गेली, बादलीभर पाणी किल्ल्यावर ओतलं, खराट्याने जागा लख्ख झाडली आणि वर येऊन जेवायला बसली. आणि त्या दिवसापासून घरात एक वाक्य राहायला आलं, "हे बरोबर आहे का?"

वही कुठल्या बाजूने उघडायची, हे बरोबर आहे का? फ्रॉकवर ही क्लिप, बरोबर आहे का? पानात भाजी किती वाढून घ्यायची, हे बरोबर आहे का? चित्रकलेच्या वहीत दोन डोंगर, मध्ये सूर्य, एक झोपडी. शाळेत ‘माझी आवडती जागा’ असा विषय आला तेव्हा हिने महाराष्ट्राचा नकाशा ट्रेसिंग पेपरने उतरवून दिला. बाईंनी विचारलं, अगं ही कसली आवडती जागा? ही म्हणाली, हा चुकत नाही.

पोरगी वर्षभर अशी. आणि पुढची दिवाळी जवळ आली तेव्हा ती शकूला म्हणाली, "आजी, मला किल्ला नाही करायचा. मला येत नाही." कृष्णकांत बाजूलाच दाढी करत होता. गालाला दोन ठिकाणी कापलं. रक्त पुसत त्याने ठरवलं की या पोरीचा हात मातीत परत घालायचा. काय वाटेल ते झालं तरी चालेल. आणि मग काय वाटेल ते झालं.

पहिली चूक म्हणजे सल्ला विचारला. सोसायटीत सल्ला विचारणं म्हणजे रिकामी बादली जिन्यात ठेवण्यासारखं आहे, जो तो आपलं पाणी ओतून जातो.

तिसऱ्या मजल्यावरच्या ऋचाने पालकत्वावर दोन दिवसांचं वर्कशॉप केलं होतं, आणि तेव्हापासून ती स्वतःच्या मुलाशी प्रेझेंटेशन दिल्यासारखी बोलायची. ती म्हणाली, "अप्पा, सिम्पल आहे. एका निगेटिव्ह कमेंटला पाच पॉझिटिव्ह. तुम्ही पॉझिटिव्हचा स्टॉक वाढवा." जणू काही इन्व्हर्टरच भरायचा आहे.

दुसऱ्या मजल्यावरच्या सुमतीवहिनी त्रेसष्ट वर्षांच्या. त्या भडकल्या. "कसलं कौतुक नि कसलं काय. आमच्या वडिलांनी जन्मात आम्हाला चांगलं म्हटलं नाही. काय बिघडलं आमचं?" पाऊण तास त्या आपलं काहीही बिघडलं नाही हे सांगत होत्या. दुसऱ्या इयत्तेत असताना अंगणात काढलेल्या रांगोळीला वडील "हे काय सांडलंय?" म्हणाले, इथपर्यंत आल्या आणि थांबल्या. मग उठून चहा ठेवायला गेल्या. त्यांच्या उंबऱ्यावर लक्ष्मीची पावलं प्लास्टिकची चिकटवलेली असतात. कृष्णकांतने तेव्हा पहिल्यांदा ती नीट पाहिली.

पण राग आलेल्या माणसाला धीर नसतो. त्याने ऋचाची योजना उचलली आणि टेलिफोन खात्याच्या शिस्तीने राबवली. घरोघर जाऊन बजावलं, आभा दिसली की कौतुक करायचं, हयगय चालणार नाही. दुसऱ्या दिवशी वॉचमन तिच्या चपलांना ‘एकदम झकास’ म्हणाला. ऋचा लिफ्टमध्ये म्हणाली, "आभा, तू किती छान उभी राहतेस." इस्त्रीवाला, दूधवाला, पाण्याच्या टाकीवरचा माणूस, सगळे वा वा. खुद्द कृष्णकांतने तिने तोडलेल्या पोळीच्या तुकड्याला "काय आकार आहे" अशी दाद दिली.

चौथ्या दिवशी आभा स्वयंपाकघरात गेली आणि हळूच म्हणाली, "आजी, मला काय झालंय? डॉक्टरांनी काय सांगितलं?"

कारण दोनशे तीनमधल्या आजोबांना शेवटच्या महिन्यात सगळे असंच म्हणायचे. काय मस्त दिसताय, काय तजेला आहे. पोरीने ते पाहिलं होतं. कौतुकाची मोहीम त्याच दुपारी बंद. शकू तेव्हाही नुसती बघत राहिली. असं बघितलं जाण्यापेक्षा चार शिव्या परवडतात.

मग कृष्णकांतला वाटलं, माती समोर आली की हात आपोआप जाईल. पण खांदा कॉलनीत माती कुठे? सगळीकडे पेव्हर. झाडांच्या बुंध्यालासुद्धा सिमेंटचं कडं. म्हणून त्याने पळस्प्याच्या आनंदाला फोन लावला. आनंदाची भातशेती गेली आणि जागेवर डंपर आले, तेव्हापासून तो डोंगरासारख्या गोष्टी इकडून तिकडे नेतो. जुनी ओळख, कारण आनंदाच्या घरचा पहिला टेलिफोन कृष्णकांतनेच जोडला होता.

"आनंदा, दोन घमेली लाल माती पाहिजे. नातीचा किल्ला आहे."

"काका, घमेल्याचा धंदा आमी करत नाय. पण पोरीचा किल्ला हाय ना, मंग तुमी बिनघोर राहा."

तुम्हाला सांगतो, दुसऱ्या दिवशी भर बारा वाजता तीन डंपर गेटमधून आत आले.

"एक," आभा म्हणाली.

बरं, एक. पण तीन वाटावेत असा. आपट्याकडच्या कुठल्यातरी टेकडीची लालभडक माती. ड्रायव्हरने विचारलं, कुठं टाकू? वॉचमनने हात हलवला, तो डास मारत होता, आणि ड्रायव्हरने तिथेच डंपरची पाठ उचलली. धडधडधड. धुरळा खाली बसला तेव्हा सोसायटीच्या मधोमध टेकडी उभी होती, आणि टेकडी व कंपाउंडची भिंत यांच्या मध्ये सेक्रेटरी दीपेशची नवी कोरी पांढरी गाडी. पूजेचा हारसुद्धा अजून तसाच होता.

दीपेश गॅलरीत आला. त्याने आधी गाडी बघितली, मग टेकडी, मग कृष्णकांत. "अप्पा, हे काय?"

"किल्ला."

"किल्ला असा येतो?"

"तुमच्या मुलाचा टेम्पोतून येतो, माझ्या नातीचा डंपरमधून आला."

हे बोलायला नको होतं. सेक्रेटरी माणूस भांडत नाही, अर्ज करतो. तासाभरात नोटीस बोर्डवर कागद लागला, ‘आवारातील अनधिकृत टेकडीबाबत’. आणि त्याची एक प्रत इथल्याच एका कार्यालयात गेली. नाव घेत नाही. पुन्हा कधीतरी त्यांच्याच दारात उभं राहावं लागतं.

तिथून प्रणित नावाचा एक तरुण इंजिनिअर आला. काटकुळा, हातात हेल्मेट, चेहऱ्यावर एकही सुरकुती हलत नाही. त्याने टेकडीभोवती फेरी मारली आणि विचारलं, "ही माती कशासाठी?"

"किल्ला होणार आहे," कृष्णकांत म्हणाला.

"होणार आहे म्हणजे बांधकाम. आराखड्यासह अर्ज करा, नाहीतर माती उचला. सात दिवस."

चौतीस वर्षं खात्यात काढलेल्या माणसाला, ज्याने स्वतः लोकांना तीन-तीन प्रतींत अर्ज भरायला लावले, त्याला हा पोरगा अर्ज सांगतो. कृष्णकांत पेटला. म्हणाला, आराखड्यासहच करतो अर्ज. बघू कोण नाही म्हणतं.

कार्यालयात पहिल्या दिवशी खिडकी बंद. दुसऱ्या दिवशी खिडकी उघडी, पण माणूस बंद. तिसऱ्या दिवशी माणूस म्हणाला, फॉर्ममध्ये निवासी, व्यापारी आणि औद्योगिक एवढेच प्रकार आहेत, किल्ला कशात घालू? कृष्णकांतने पेन काढून चौथा रकाना आखला आणि लिहिलं ‘संरक्षण’. त्या माणसाने ते वाचलं, चष्मा काढला, आणि म्हणाला मग दिल्लीहून ना-हरकत आणा. त्यावर कृष्णकांत जे बोलला ते मुलांसमोर सांगता येत नाही. एवढंच सांगतो, की शेजारच्या खिडकीतल्या बाईंनी उठून त्याला पाणी दिलं आणि ‘संरक्षण’ खोडून स्वतःच्या हाताने ‘इतर’ लिहिलं.

आता राहिला आराखडा.

दुपारी जेवणाच्या टेबलावर कृष्णकांत पट्टी-पेन्सिल घेऊन बसला. आयुष्यात त्याने एकच इमारत आतून-बाहेरून पाहिली होती, टेलिफोन एक्स्चेंज. त्यामुळे किल्ला तसाच उतरायला लागला. चौकोनी, सपाट गच्ची, ओळीने खिडक्या. खोडरबराने कागद फाटायला आला. दातओठ खात तो रेघा मारत होता. आभा दुधाचा पेला घेऊन मागून चालली होती, ती थांबली.

"हे काय आहे?"

"किल्ला."

ती कागदावर वाकली. मग, "यातून गाढव वळणार कसं?"

कृष्णकांत भयंकर वैतागलेला होता. ऋचाच्या योजनेप्रमाणे इथे ‘काय सुंदर प्रश्न विचारलास’ असं म्हणायचं होतं. तो खेकसला, "मला काय माहीत कसं वळतं. मला येत नाहीये हे. तुला माहीत असेल तर दाखव, नाहीतर दूध पी."

तिने पेला ठेवला. पेन्सिल घेतली. एक्स्चेंजच्या भिंतीतून एक मोठी गोल रेघ ओढली, मग तो कागदच बाजूला सारून दुसरा घेतला. दोन तास टेबलावर डोकं घालून बसली होती. मधे दोनदा म्हणाली, "अप्पा, हात काढा." पण ‘हे बरोबर आहे का’ एकदाही म्हणाली नाही. स्वयंपाकघराच्या दारात शकू उभी होती, तिने कृष्णकांतला खुणेने गप्प बसायला सांगितलं. जन्मात पहिल्यांदा तिच्या बघण्याचा अर्थ त्याला वेळेवर कळला.

अर्ज गेला. पाचव्या दिवशी ते आलं. त्रुटीपत्र. कोणाला पटत नसेल तर नका पटवून घेऊ, पण त्यात असं होतं:

‘एक. महाराजांचे आसन तळाशी दर्शविले आहे. कारण नमूद करावे. दोन. शत्रुसैन्याची पाण्याची रांग प्रवेशद्वाराच्या आत की बाहेर, स्पष्ट करावे. तीन. शौचालय दर्शविलेले नाही. चार. गाढवांच्या मार्गावर समोरून दुसरे गाढव आल्यास काय, याचा खुलासा करावा. पाच. कपडे वाळविण्याच्या जागेस हरकत नाही. मात्र दोरीचे दुसरे टोक हवेत संपते.’

कृष्णकांतने हे वाचलं आणि त्याच्या कानशिलाची शीर उडायला लागली. पुन्हा शेरे. पुन्हा पोरीच्या कामाला लाल रेघा. आता जाऊन त्या काटकुळ्याच्या हेल्मेटमध्ये हेच पत्र बोळा करून कोंबतो, म्हणून तो चपला शोधायला लागला. तेवढ्यात आभाने पत्र ओढून घेतलं. उभ्याउभ्या वाचलं. परत पहिल्यापासून वाचलं. तिचे कान लाल झाले होते.

"अप्पा," ती म्हणाली, "यांनी सगळं बघितलंय."

कृष्णकांतच्या हातात एकच चप्पल होती. तो तसाच खाली बसला.

तुम्हाला यातली गंमत कळतेय का? त्या परीक्षकानेही चुका काढल्या आणि या पोराने पाच काढल्या. पण परीक्षकाने किल्ला निकालात काढला होता. या गंभीर गाढवाने मात्र असं धरून चाललं होतं की हा किल्ला होणार, यात माणसं राहणार, आणि सकाळी उठल्यावर त्यांना कुठेतरी जावं लागणार. त्याने गोड शब्द एक लिहिला नव्हता. फक्त विचारलं होतं, समोरून दुसरं गाढव आलं तर काय?

आभाने दोन पानी खुलासा लिहिला. पहिल्याचं उत्तर, ‘आज्ज्यांचे गुडघे’. चौथ्याचं उत्तर, ‘जे गाढव रिकामे असेल ते मागे जाईल.’ शौचालय वाऱ्याच्या उलट दिशेला काढलं. दोरीचं दुसरं टोक झेंड्याच्या काठीला बांधायचं होतं, पण तिलाच ते पटलं नाही, मग शेजारी वेगळा खांब उभा केला. प्रणितसाहेब स्वतः आले, कट्ट्यावर बसून सगळं वाचलं, आणि म्हणाले, "चौथं पटलं. तिसऱ्याचं अंतर वाढवा." हसले नाहीत. आभाही हसली नाही. दोघं इंजिनिअर.

आणि मग किल्ला उभा राहिला. काय सांगू. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून हात लावता येत होता.

"माझ्या कमरेएवढा होता," आभा म्हणाली.

तुझी कंबर तेव्हा उंच होती. पण गाडी आत अडकली होती हे तर खरं? नाही म्हणू नकोस. तटबंदी दीपेशच्या गाडीभोवतीनं गेली, आणि भाऊबीजेपर्यंत सेक्रेटरी गाढवांच्या दरवाजातून वाकून आत जाऊन गाडी पुसत होता. सोसायटीतली सगळी पोरं बापांचे किल्ले सोडून इकडे मातीत. बाप तिकडे ओळंबा धरून एकटे. सुमतीवहिनी एका संध्याकाळी खाली आल्या, कोणाशी न बोलता दरवाजासमोर बसल्या आणि रांगोळी काढली. चांगलीच वाकडी आली होती. कोणीही काही म्हटलं नाही. आभाने फक्त विचारलं, "आजी, ही पालखीची वाट आहे का?" तर म्हणाल्या, "हो," आणि आणखी पुढपर्यंत काढत नेली.

आणि आता ऐका, खरी गोष्ट पुढेच आहे. बक्षीस समारंभाच्या दिवशी तोच परीक्षक परत आला. तेच जॅकेट, तोच पुठ्ठा. किल्ल्यापाशी वाकला आणि म्हणाला, "याचा कोणत्याही ज्ञात–" बस. एवढंच. कृष्णकांतने त्याच्या हातातला माईक हिसकावला आणि साठ कुटुंबांसमोर त्याला असा सोलला की पनवेल एसटी स्टँडपर्यंत ऐकू गेलं.

म्हणाला, "तुला काय वाटलं, तू तिला शिकवत होतास? तू स्वतःचा न्यायीपणा मिरवत होतास. दोरीवरचे कपडे तुला आवडले होते. आवडले होते की नाही, बोल. मग ते माईकवर का नाही म्हणालास? तीन शब्द होते. ‘मला हे आवडलं.’ एवढे तीन शब्द तुझ्या घशात अडकले, कारण समोर लोक बसले होते. त्या लोकांमधला एक तरी आज तुझे मार्क लक्षात ठेवून आहे का? एकही नाही. फक्त तिने ठेवले. वर्षभर पोरगी भाजी किती वाढून घेऊ ते विचारत होती. तुझ्या कडक इस्त्रीसाठी माझ्या घरातली एक पोर तू वर्षभर घडी घालून ठेवलीस."

परीक्षक पांढराफटक. पुठ्ठा गळून पडला. आणि मग तो जो पळाला, चपला इथेच टाकून, तो थेट पळस्प्याच्या नाक्यावर, आणि तिथून गोव्याच्या रस्त्याला लागला, मागे सगळी सोसायटी, पुढे–

"अप्पा," आभा म्हणाली. ती गोणपाट पिळत होती, तिने वर पाहिलं नाही. "गेल्या वर्षी परीक्षक आलाच नव्हता. त्याच्या आदल्या वर्षी होता, आणि तो पुण्याचा नव्हता. तुम्हीच होतात. माईकही तुमच्याच हातात होता." तिने गोणपाट विटांवर पसरलं. "आणि पाय काढा जरा, माझ्या खंदकात आहे."